पावसाळ्यात घरच्या कोंबड्यांची अंडी धुवावीत का, आणि ठेवावीत कशी?

कौलारू

आमचे घर देवरुखजवळच्या एका वाडीत आहे आणि परसात गावठी कोंबड्यांचे लहानसे खुराडे आहे. थंडीत आणि उन्हाळ्यात अंडी इतकी स्वच्छ मिळतात की त्यांचा वेगळा विचार करावा लागत नाही. परंतु जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोंबड्या चिखलाच्या पायांनी अंडी घालायला बसतात आणि बऱ्याच अंड्यांवर लाल माती, कधी विष्ठाही चिकटलेली असते. घरात यावर दोन मते आहेत. सासूबाई म्हणतात, अंड्याला पाणी लागले की ते टिकत नाही, म्हणून ते तसेच टोपलीत ठेवावे. माझी जाऊ मुंबईला असते. तिच्या मते विष्ठा लागलेली वस्तू धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात आणूच नये. मला दोघींचेही पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

मळलेले अंडे धुवावे की नाही, आणि धुवायचे तर कसे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की आमच्याकडे पावसात वीज वारंवार जाते, त्यामुळे फ्रिजचा भरवसा नसतो. मग बाहेर ठेवलेली अंडी किती दिवस चांगली राहतील? शिवाय बाजारपेठेतली काही घरे आमच्याकडून अंडी विकत नेतात आणि त्यांना ती चकचकीत हवी असतात. त्यांना धुऊन देणे योग्य ठरेल का? ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माळरान

अजिबात धुऊ नका. आमच्या घरी तीन पिढ्यांत कोणी अंडे धुतलेले नाही आणि कोणाचे काही बिघडलेले नाही.

पशुधन

मी पशुवैद्यक आहे आणि माझी बरीचशी नोकरी ग्रामीण भागात झाली. कौलारूताई, तुमच्या सासूबाईंचे आणि जाऊबाईंचे, दोघींचेही म्हणणे बरोबर आहे. सासूबाई अंडे ठेवण्याविषयी बोलत आहेत आणि जाऊबाई ते वापरण्याविषयी. ठेवायचे अंडे धुऊ नये आणि वापरायचे अंडे फोडण्याच्या आधी धुवावे, असे केले की दोघींचेही समाधान होते.

याचे कारण कवचाच्या रचनेत आहे. अंड्याचे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्यावर साधारण ७,००० ते १७,००० सूक्ष्म छिद्रे असतात, कारण आतल्या पिल्लाला श्वास घ्यायचा असतो. अंडे बाहेर पडण्याच्या अगदी आधी कोंबडीच्या शरीरात त्यावर प्रथिनांचा एक पातळ थर चढतो, ज्याला क्युटिकल म्हणतात. ताजे अंडे हातात घेतले तर ते क्षणभर ओलसर लागते आणि पाहता पाहता सुकते, तो हाच थर. तो सुकून छिद्रांची तोंडे झाकतो, जंतूंना आत येऊ देत नाही आणि आतली वाफ बाहेर पडू देत नाही. पाण्याने चोळले की हा थर निघून जातो किंवा फाटतो, आणि मग अंडे उघडे पडते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या तापमानाची आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. अंडे बाहेर येऊन थंड होऊ लागले की आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून हवा आत ओढली जाते. रुंद टोकाकडची हवेची पोकळी अशीच तयार होते. उबदार अंडे नळाच्या थंड पाण्यात टाकले तर हेच आकसणे झपाट्याने होते, आणि या वेळी हवेऐवजी कवचावरचे घाण पाणी आत ओढले जाते. बादलीभर थंड पाण्यात अंडी भिजत घालणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण एका मळक्या अंड्याची घाण त्या पाण्यातून सगळ्या अंड्यांत पोहोचते. न धुतलेले मळके अंडे यापेक्षा अधिक सुरक्षित म्हणावे लागेल.

सूक्ष्मदर्शी

पशुधन यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु माळरान यांच्या तीन पिढ्यांच्या दाखल्याशी नाही. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जुन्या घरांत अंडे घातल्यानंतर एक-दोन दिवसांत ते संपत असे, आणि बहुधा कालवणात चांगले रटरटून शिजत असे. सुरक्षितता त्या शिजवण्यात होती. शिवाय कोणाला जुलाब झालेच तर त्याचा संबंध दोन दिवसांपूर्वीच्या अंड्याशी कोणी जोडत नसे, त्यामुळे ‘काही बिघडले नाही’ हे आपल्याला खात्रीने सांगता येत नाही.

साल्मोनेला हा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहू शकतो आणि कोंबडी मात्र ठणठणीत दिसते. तो दोन वाटांनी अंड्यात येतो. एक वाट कवचावरच्या विष्ठेतून छिद्रांवाटे आत. दुसरी वाट थेट अंडाशयातून, म्हणजे कवच तयार होण्याच्या आधीच. साल्मोनेला एन्टरायटिडिस या प्रकाराची ही खासियत आहे. दुसऱ्या वाटेने आलेल्या जंतूवर कितीही धुतले तरी काही परिणाम होत नाही. त्यावर उपाय दोनच, थंडावा आणि पूर्ण शिजवणे. हा जंतू साधारण ७ ते ४६ अंशांच्या दरम्यान वाढतो, ५ अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि ७१ अंशांपर्यंत तापवले की तो मरतो.

म्हणून माझे मत थोडे कडक आहे. ज्या अंड्यावर ओली विष्ठा पसरलेली आहे ते ‘न धुता ठेवा’ या नियमात बसवू नये. ते साठवणीसाठी नाहीच. ते बाजूला काढावे, कोमट नव्हे तर चांगल्या गरम पाण्याच्या धारेखाली धुवावे, लगेच पुसावे आणि त्याच दिवशी पूर्ण शिजवून संपवावे.

परसबाग

पुण्यात बंगल्याच्या मागच्या अंगणात आम्ही कोंबड्या ठेवल्या आहेत. सुकलेली माती काढण्यासाठी मी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरते. ती कवचावर ओरखडे पाडत नाही आणि हलक्या हाताने घासली की माती भुकटी होऊन पडते. डाग हट्टी असेल तर बारीक पॉलिश पेपरचा तुकडा तेवढ्याच जागेवर फिरवते. पाणी लागत नाही. जाळी मळली की ती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवते.

एक विनंती अशी, की व्हिनेगर लावून डाग काढण्याचा सल्ला हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो कृपया कोणी पाळू नये. व्हिनेगर आम्ल आहे आणि कवच कॅल्शियम कार्बोनेटचे आहे. डागाबरोबर कवचही विरघळते.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो. येथे दुकानातले प्रत्येक अंडे धुतलेले असते आणि फ्रिजमधूनच विकत घ्यावे लागते, त्यामुळे ‘धुऊ नका’ हे वाक्य येथे वाढलेल्या माझ्या मुलांना विचित्र वाटते. येथील कृषी खात्याच्या नियमानुसार धुण्याचे पाणी किमान ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३२ अंश सेल्सिअस असावे लागते, आणि ते अंड्यापेक्षा किमान २० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे ११ अंश सेल्सिअसने अधिक गरम असावे लागते. पशुधन यांनी आकसण्याचे जे कारण सांगितले त्याचाच हा नियम झाला आहे. धुतल्यानंतर अंडी ७.२ अंशांना किंवा त्याखाली ठेवावी लागतात. २००९ च्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमाप्रमाणे ३,००० किंवा अधिक कोंबड्या असलेल्या उत्पादकाने अंडे घातल्यापासून ३६ तासांत ते थंड करणे बंधनकारक आहे.

म्हणजे येथे धुणे सुरक्षित ठरते ते पुढची थंड साखळी तुटत नाही म्हणून. शेतापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंत. त्यातला धुण्याचा भाग तेवढा उचलून आपल्याकडे आणला आणि थंडावा सोडून दिला, तर काही उपयोग नाही.

राईनकाठ

आणि जर्मनीत याच्या अगदी उलट आहे. युरोपीय संघात ‘अ’ वर्गाचे अंडे विक्रीपूर्वी धुण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि दुकानात अंडी बहुधा साध्या फळीवर ठेवलेली असतात. त्यावर घातल्यापासून २८ दिवसांची मुदत छापलेली असते. यामागे विचार असा आहे, की धुण्याची सोय असली की खुराडे अस्वच्छ ठेवण्याची मुभा मिळते. ती सोयच काढून घेतली तर पाळणाऱ्याला मुळातच स्वच्छता राखावी लागते. ब्रिटनने तिसऱ्या अंगाने प्रश्न हाताळला. तेथे १९८८ मध्ये साल्मोनेलावरून मोठा गहजब झाला आणि पुढे १९९८ पासून ‘लायन’ या सिंहाच्या दर्जाचिन्हाच्या शिक्क्याच्या अंड्यांसाठी कोंबड्यांना लस देणे सुरू झाले. २०१७ मध्ये तेथील अन्न मानक संस्थेने त्या शिक्क्याची अंडी गरोदर स्त्रियांनीही कच्ची-अर्धकच्ची खाण्यास हरकत नाही असे जाहीर केले.

परंतु २८ दिवस हा आकडा येथील हवेचा आहे. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या फळीवर तो लागू करू नये.

वऱ्हाडी

विदर्भातल्या फळीचे मी सांगतो, कारण आमच्याकडे चंद्रपूर भागात मे महिन्यात घरातही पारा ४० च्या आसपास असतो आणि रात्रीही हवा थंड होत नाही. येथे धुण्यापेक्षा मोठा प्रश्न कोंबड्याचा आहे. कळपात कोंबडा असेल तर अंडी फलित असतात, आणि फलित अंड्यातला गर्भ सुमारे २० ते २१ अंशांच्या वर वाढू लागतो. खुडूक कोंबडी त्यावर बसलेली असो वा नसो, विदर्भाच्या उन्हाळ्यातली खोलीच त्याला उबवते. पूर्ण पिल्लू होत नाही, पण दोन-चार दिवसांत बलकावर रक्ताची रेघ दिसू लागते आणि असे अंडे फार लवकर नासते.

म्हणून जो केवळ खाण्यासाठी अंडी घेतो त्याने उन्हाळ्यात कोंबडा वेगळा ठेवावा. कोंबड्याशिवायही कोंबडी तेवढीच अंडी घालते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मात्र कोंबडा आज वेगळा केला म्हणून उद्यापासून अफलित अंडी मिळत नाहीत. कोंबडीच्या शरीरात वीर्य दोन-तीन आठवडे टिकते, तेवढा काळ धरून चालावे. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरून पाहावे, रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसते.

उन्हाळ्यात कवचही पातळ होते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड अधिक निघून जातो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. सावली, थंड पाणी आणि शिंपल्यांचा चुरा या तिन्ही गोष्टी दिल्या तर फरक पडतो. पातळ कवचाला तडे लवकर जातात, आणि तडा गेलेल्या अंड्याला कोणताही थर वाचवू शकत नाही.

सूक्ष्मदर्शी

वऱ्हाडी यांच्या लेखनातून एक गोष्ट निघते, ती नोंदवून ठेवते. धुण्याचे पाणी अंड्यापेक्षा ११ अंशांनी गरम हवे हा नियम धरला, तर कोकणात २८ अंशांच्या अंड्याला ४० अंशांचे पाणी पुरेल. परंतु मे महिन्यातल्या विदर्भात अंडे स्वतःच ३८ अंशांचे असेल तर ४० अंशांचे पाणी पुरेसे गरम ठरत नाही, जवळपास ५० अंशांचे लागेल. हाताला ‘कोमट’ लागणे हे माप ऋतूप्रमाणे फसवे ठरते.

आजोळ

माझे माहेर वेंगुर्ल्याकडचे. आमच्याकडे अंडी भाताच्या तुसात ठेवत. रुंद तोंडाच्या मडक्यात तुसाचा थर, त्यावर एकमेकांना न टेकणारी अंडी, पुन्हा तूस, आणि मडके घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, ओल्या वाळूत अर्धे रोवलेले. वाळूवर रोज पाणी शिंपडत, मडक्यात मात्र पाण्याचा थेंब जाऊ देत नसत. काही घरांत चाळलेली कोरडी राख वापरत. अंड्याचे निमुळते टोक खाली ठेवायचे हा आईचा कटाक्ष होता; कारण तिने कधी सांगितले नाही, पण ती स्वतः एक अंडेही आडवे ठेवत नसे. चुन्याच्या निवळीत अंडी बुडवून ठेवणारेही काही जण होते. ती पद्धत योग्य आहे का, हे पशुधन यांनी सांगावे.

पशुधन

आजोळताई, निमुळते टोक खाली ठेवण्याला भक्कम कारण आहे. हवेची पोकळी रुंद टोकाला असते. ते टोक वर राहिले की पोकळी जागेवर राहते आणि बलक मध्यभागी राहतो. अंडे उलटे ठेवले तर हवा वर सरकू पाहते, बलकही हलका असल्याने वर येतो आणि कवचालगतच्या पडद्याला टेकू लागतो. पांढऱ्या भागात लायसोझाइमसारखी जंतूंना आवरणारी द्रव्ये असतात, बलकात ती नसतात, उलट जंतूंना हवे ते सगळे पोषण असते. म्हणून बलक कवचापासून दूर राहणे हेच टिकण्याचे एक मर्म आहे. मडक्याची पद्धतही उत्तम आहे. ओल्या वाळूतून बाष्पीभवन होते आणि मडके बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते. मात्र पावसाळ्यात हवाच दमट असल्याने हा थंडावा फारसा मिळत नाही, ती सोय कोरड्या उन्हाळ्याची.

चुन्याची पद्धत कृषी विस्ताराच्या पुस्तिकांतही दिलेली असते. १ किलो कळीच्या चुन्यात १ लिटर उकळते पाणी घालून ते निवू देतात, त्यात ५ लिटर थंड पाणी आणि २५० ग्रॅम मीठ मिसळतात, बारीक फडक्यातून गाळतात, आणि त्या द्रावणात अंडी रात्रभर, साधारण १४ ते १६ तास, बुडवून मग बाहेर काढून सावलीत सुकवतात. चुन्याचा बारीक थर छिद्रांत बसून ती बंद होतात आणि अंडी बाहेरच्या हवेत तीन-चार आठवडे टिकतात असे मानले जाते. यासाठी अंडे ताजे, न धुतलेले, कोरडे स्वच्छ आणि तडा नसलेलेच हवे. चुनकळीवर पाणी पडले की ती उसळते आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टीला धोका असतो, म्हणून हे काम मुलांना दूर ठेवून आणि डोळे सांभाळून करावे. अशी अंडी उकडताना रुंद टोकाला सुईने छिद्र पाडावे, नाहीतर आतली हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि अंडे फुटते.

सूक्ष्मदर्शी

येथे मला भर घालावीशी वाटते. चुना असो की वरून लावलेले तेल, दोन्ही अंड्याला वृद्ध होण्यापासून रोखतात. जंतूंना मारत नाहीत. अंडे जुने होते म्हणजे त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातात, पांढऱ्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) सुमारे ७.६ वरून ९ च्या वर चढतो आणि पांढरे पातळ होते. छिद्रे बंद केली की हे मंदावते. परंतु आत जंतू आधीच असेल तर तोही आतच राहतो, आणि खोलीच्या तापमानाला वाढतही राहतो. त्यामुळे असे साठवलेले अंडे हाफ फ्राय करू नये, पूर्ण शिजवावे. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणूस असेल तर मी या पद्धतींपेक्षा फ्रिज किंवा लवकर संपवणे यांनाच प्राधान्य देईन.

माळरान

पाण्यात बुडते ते चांगले, तरंगते ते वाईट, ही परीक्षा सोपी आहे. इतके करण्याची गरज काय?

परसबाग

माळरान, ती परीक्षा वयाची आहे. पाणी उडून गेले की हवेची पोकळी मोठी होते, म्हणून जुने अंडे आधी उभे राहते आणि मग तरंगते. तरंगणारे अंडे नासलेलेच असेल असे नाही, आणि बुडणाऱ्या ताज्या अंड्यात साल्मोनेला नसेल असेही नाही. शिवाय परीक्षेसाठी अंडे पाण्यात टाकले की ते ओले झालेच. म्हणून ही परीक्षा साठवण्याआधी घेऊ नये, फोडण्याच्या क्षणी घ्यावी. रोजच्या रोज कवचावर शिसपेन्सिलीने तारीख लिहिली तर परीक्षेची वेळ सहसा येत नाही.

सुगरण

तारखेचा स्वयंपाकात आणखी एक उपयोग होतो. अगदी ताजे अंडे उकडले तर त्याचे कवच सोलताना पांढरे लचके निघतात, कारण सामू कमी असताना पांढरे आतल्या पडद्याला घट्ट चिकटते. अंडाकरीसाठी किंवा बिर्याणीसाठी आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी घ्यावीत, ती नितळ सोलली जातात. ऑम्लेटला किंवा केकला ताजी अंडी द्यावीत. आणि फ्रिजमध्ये अंडी फणसाच्या गऱ्यांजवळ, सुक्या मासळीजवळ किंवा चिरलेल्या कांद्याजवळ उघडी ठेवू नयेत, छिद्रांतून वास आत जातो. झाकणाच्या डब्यात, आतल्या फळीवर ठेवावीत. दारातल्या खाचांत नको, कारण दार उघडले की तेथील तापमान प्रत्येक वेळी बदलते.

कौलारू

सर्वांचे मनापासून आभार. बऱ्याच गोष्टी उलगडल्या. वरील सर्व वाचल्यावर दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. वीज गेल्यावर फ्रिजमधली अंडी बाहेर काढावीत की आतच राहू द्यावीत? आणि ग्राहकांच्या प्रश्नावर अद्याप कोणी लिहिलेले नाही.

दूरदेशी

आतच राहू द्यावीत. दार उघडले नाही तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. थंड अंडे कोकणातल्या दमट हवेत बाहेर काढले की त्यावर लगेच दव जमते, आणि ओल्या कवचावरून जंतूंना आत जाणे सोपे होते. एकदा फ्रिजमध्ये गेलेले अंडे पुन्हा टोपलीत ठेवू नये. काढले तर दोन तासांच्या आत वापरावे. जेथे वीज दिवसदिवस जाते तेथे मी सर्व अंडी फ्रिजमध्ये ठेवण्याऐवजी कोरडी स्वच्छ अंडी बाहेर ठेवून आठवड्याच्या आत संपवणे पसंत करीन.

पशुधन

आठवडा हे माप पावसाळ्यातल्या कोकणासाठी मलाही मान्य आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते तीन-चार दिवसांवर आणावे. बाहेरचा एक दिवस अंड्याला फ्रिजमधल्या एका आठवड्याइतका जुना करतो, असा ढोबळ हिशेब आमच्या क्षेत्रात सांगितला जातो.

ग्राहकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. धुतलेले अंडे विकू नये. तुम्ही धुऊन, पुसून, फ्रिजमध्ये ठेवून दिलेत तरी पिशवीतून घरी नेईपर्यंत त्यावर दव जमणार, आणि ग्राहक ते ओट्यावरच्या वाडग्यात ठेवणार नाही याची खात्री कोण देणार? ज्याचे संरक्षण आपण काढून घेतले ते अंडे दुसऱ्याच्या मुलाच्या ताटात जाते, हे विसरून चालणार नाही. कोरडी स्वच्छ केलेली अंडी तारीख लिहून द्यावीत, मळलेली घरात वापरावीत, आणि ग्राहकाला वापरण्यापूर्वीच धुवायला सांगावे. बाजारात तीसच्या ट्रेमध्ये येणारी अंडीही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी न धुतलेलीच असतात. ती स्वच्छ दिसतात याचे कारण पिंजऱ्याच्या उतरत्या जाळीवरून अंडे घरंगळत बाहेर येते आणि विष्ठेला लागत नाही.

तुमच्याकडे जाळीचा पिंजरा नको आहे, परंतु त्यातले तत्त्व घेता येते. अंडे घातल्यानंतर ते घाणीत किती वेळ पडून राहते, हाच खरा प्रश्न आहे. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी घालतात, तेव्हा सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा अंडी गोळा करावीत. चार-पाच कोंबड्यांमागे एक घरटे असावे, त्यात कोरडे तूस चांगले जाड घालावे आणि ओले झाले की पूर्ण बदलावे, वरून नवे टाकू नये. रात्री बसण्याची दांडी घरट्यांपेक्षा उंच लावावी, कारण कोंबडी सर्वांत उंच जागी झोपते आणि रात्रभर तेथेच विष्ठा टाकते. घरटे उंच असेल तर ती घरट्यातच झोपेल. एवढे केले तर घासायला फारशी अंडी उरत नाहीत.

वऱ्हाडी

नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगा कोठेही अंडी घालतात. घरट्यात लाकडी किंवा प्लास्टिकचे एखादे खोटे अंडे ठेवले तर त्या तेथे बसायला शिकतात.

आजोळ

पावसात पायांचा चिखल अडवण्यासाठी खुराड्याच्या दारासमोर दोन-तीन पावलांच्या अंतरात जांभ्याची खडी आणि त्यावर जाड वाळू टाकावी. घरट्यापर्यंत जाताना कोंबडीचे पाय त्यावर पुसले जातात. वाळू मळली की झोडपणाऱ्या पावसात आपोआप धुऊन निघते. आमच्या शेजारी दारावर झावळ्यांची पडवी काढतात, म्हणजे वाळू चिंबही होत नाही.

कौलारू

खडी आणि वाळू या आठवड्यातच टाकून घेते, दांडीही वर घेते. आमची दांडी आणि घरटी सध्या एकाच उंचीवर आहेत. एक शेवटची शंका. वाडीत एकांकडे बदके आहेत आणि आम्हालाही दोन घ्यायची आहेत. बदकाच्या अंड्यांना हेच सर्व लागू होते का?

पशुधन

तत्त्व तेच, काळजी अधिक. बदके बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे अंडी घालतात आणि घरट्यापेक्षा जमिनीवर, ओलाव्याच्या जवळ घालतात, त्यामुळे त्यांची अंडी कोंबडीच्या अंड्यांपेक्षा अधिक मळतात. बदकांना सकाळी उजाडल्यानंतर दोन-एक तास कोरड्या तुसाच्या खोलीतच कोंडून ठेवावे, म्हणजे अंडी तेथेच मिळतील, आणि मगच पाण्यावर सोडावे. त्यांची अंडी अर्धकच्ची खाऊ नयेत. कोंबड्यांचे आणि बदकांचे पिण्याचे पाणी वेगळे ठेवा. बदके पाणी क्षणात गढूळ करतात आणि तेच तूस भिजवतात.